माउस लावला की चालतो, तो कसा? आणि नाही चालला तर कुठे बघायचं?

रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. चिपळूणच्या बाजारातून त्याने सातशे रुपयांचा गेमपॅड आणला होता. डब्यावर कसलंसं चकचकीत नाव, आत वायर, वायर लावली की हिरवा दिवा लागतो. खेळात मात्र काहीच हलत नाही. "मावशी, याचा ड्रायव्हर कुठून डाउनलोड करू?"

साताऱ्यात माझं जुन्या संगणकांचं दुकान आहे. हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकावा लागतो, आणि उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: कुठूनच नको. लिनक्समध्ये कीबोर्ड, माउस, टचपॅड, गेमपॅड यांचे ड्रायव्हर, म्हणजे त्या उपकरणांशी बोलणारे प्रोग्राम, कर्नलसोबतच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासोबतच येतात. ते मॉड्यूल म्हणून, म्हणजे लागेल तेव्हाच कर्नलमध्ये जोडायचे सुटे तुकडे म्हणून, डिस्कवर झोपलेले असतात. प्रश्न असतो तो योग्य वेळी योग्य मॉड्यूलला हाक का गेली नाही, एवढाच.

ती हाक कशी जाते हे एकदा नीट कळलं, की नेटवर सापडलेल्या आज्ञा आंधळेपणाने चिकटवत बसावं लागत नाही. म्हणून त्या रात्री भाच्याला जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते. आज्ञा फोनवर उच्चारते तशाच लिहिल्या आहेत. टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करा, आणि मी 'कॅपिटल' म्हटलं नसेल तिथे लहान अक्षरं.

आधी वायर

हसू नका. पहिली आज्ञा "सुडो डीमेसेज डॅश डब्ल्यू" ('सुडो' म्हणजे मालकाच्या अधिकाराने चालव, 'डीमेसेज' म्हणजे कर्नलचे संदेश दाखव). ती चालू ठेवायची आणि उपकरण काढून परत लावायचं. कर्नलला काही दिसलं तर लगेच चार-पाच ओळी सरकतात: नवं यूएसबी उपकरण सापडलं, त्याच्या कंपनीचा क्रमांक हा, वस्तूचा क्रमांक तो. एकही ओळ आली नाही, तर ड्रायव्हरचा विषय तिथेच संपला. दोष पोर्टचा, वायरीचा किंवा उपकरणाचा. गेमपॅडसोबत येणाऱ्या स्वस्त वायरींत पुष्कळदा फक्त वीज नेणाऱ्या दोनच तारा असतात, माहिती नेणाऱ्या तारा नसतात. दिवा लागतो, गिऱ्हाईक खूश होतं, संगणकाला मात्र काही लावल्याचा पत्ताच नसतो. माझ्या गल्ल्याजवळ एक चांगली वायर खिळ्याला टांगलेली आहे, ती केवळ या चाचणीसाठी.

भाच्याच्या पडद्यावर ओळी आल्या. म्हणजे कर्नलने पॅड पाहिला होता. पुढे चला.

उपकरण आपली ओळख कशी सांगतं

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळी गंमत इथेच आहे.

यूएसबी उपकरण लागलं की कर्नल त्याला विचारतो: तू कोण, कोणाचा, काय काम करतोस? उपकरण क्रमांकांत उत्तर देतं. त्या उत्तरातून कर्नल एक लांबलचक ओळ तयार करतो. तिला म्हणतात मॉडअलायस. 'यूएसबी' हा शब्द, विसर्गचिन्ह, मग 'व्ही' आणि कंपनीचा चार अंकी क्रमांक, 'पी' आणि वस्तूचा क्रमांक, 'डी' आणि आवृत्ती, मग 'डीसी', 'डीएससी', 'डीपी' म्हणजे आख्ख्या उपकरणाचा वर्ग, उपवर्ग आणि प्रोटोकॉल, त्यानंतर 'आयसी', 'आयएससी', 'आयपी' म्हणजे त्याच गोष्टी इंटरफेसच्या (उपकरणातलं एकेक वेगळं काम म्हणजे एकेक इंटरफेस), आणि शेवटी 'आयएन' म्हणजे इंटरफेसचा क्रमांक. हे क्रमांक सोळाच्या पायावरचे असतात, म्हणून मधे ए ते एफ ही अक्षरंही दिसतात.

ही ओळ तुम्हाला प्रत्यक्ष वाचता येते. /सिस/बस/यूएसबी/डिव्हाइसेस या फोल्डरमध्ये जा. तिथे '१-३' अशा नावाचं फोल्डर म्हणजे उपकरण आणि '१-३:१.०' म्हणजे त्याचा पहिला इंटरफेस. मॉडअलायसची फाइल इंटरफेसच्या फोल्डरमध्ये असते, उपकरणाच्या नाही. इथे बरेच जण चुकतात आणि "फाइलच नाही" म्हणून परत येतात. आवाजाची चकती असलेल्या कीबोर्डला पुष्कळदा दोन इंटरफेस असतात, म्हणजे दोन मॉडअलायस. एक चालेल आणि दुसरा नाही, असंही होऊ शकतं.

ही झाली उपकरणाची बाजू. मॉड्यूलची बाजूही अशीच आहे. प्रत्येक ड्रायव्हरच्या सोर्समध्ये एक तक्ता असतो: मी कोणकोणती उपकरणं सांभाळतो. कर्नल बांधताना त्या तक्त्यावरून तशाच ओळी तयार होतात, फक्त ज्याची पर्वा नाही तिथे तारांकन. वधूवर जाहिरातीत 'जातीची अट नाही' लिहितात ना, ते काम इथे तारांकन करतं. यूएसबीएचआयडी या मॉड्यूलची ओळ जवळजवळ सगळी तारांकनांची आहे. अट एकच: इंटरफेसचा वर्ग ०३. कंपनी कुठलीही असो, वस्तू कुठलीही असो, 'मी माणसाने हाताळायचं उपकरण आहे' असं वर्गाने सांगितलं की झालं. रस्त्यावरून उचललेला माउससुद्धा लिनक्सवर चालतो तो यामुळे.

सगळ्या मॉड्यूलांच्या या ओळी डेपमॉड नावाचा प्रोग्राम एका जागी गोळा करतो: /लिब/मॉड्यूल्स, त्याखाली तुमच्या कर्नलच्या आवृत्तीचं फोल्डर, त्यात 'मॉड्यूल्स.अलायस'. एकदा उघडून बघाच. हजारो ओळी आहेत, पण साधा मजकूर आहे, घाबरण्यासारखं काही नाही.

आता हाक. कर्नल स्वतः शोधाशोध करत बसत नाही. तो नेटलिंक सॉकेटवर, म्हणजे कर्नल आणि बाकीचे प्रोग्राम यांच्यातल्या वाहिनीवर, दवंडी पिटतो: "नवीन आला आहे, त्याचा मॉडअलायस असा असा." ही दवंडी म्हणजे यूइव्हेंट. ती ऐकायला यूडेव्ह नावाचा, मागे सतत चालणारा प्रोग्राम बसलेला असतो. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी तो २००३ मध्ये आणला, आणि २०१२ मध्ये तो सिस्टमडीच्या (संगणक चालू होताना बाकीचे प्रोग्राम सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) सोर्समध्ये सामील झाला. यूडेव्हच्या नियमांत '८०-ड्रायव्हर्स' नावाची एक छोटीशी फाइल आहे. तिचं सार एवढंच: दवंडीत मॉडअलायस असेल तर तो केमॉडकडे, म्हणजे मॉड्यूल लोड करणाऱ्या भागाकडे, दे, त्याला जुळणारं मॉड्यूल लोड कर. केमॉड यादीत बघतो, जुळलं ते मॉड्यूल आणि त्याला लागणारी बाकीची मॉड्यूलं मेमरीत आणतो. दोन मॉड्यूलं जुळली तर दोन्ही आणतो.

"पण मग संगणक चालू करताना आधीपासून लावलेल्या कीबोर्डचं काय? तेव्हा यूडेव्ह उठलेलाच नसतो," असं भाच्याने विचारलं. पोरगं हुशार आहे. यूडेव्ह सुरू झाल्यावर सिस्टमडी सगळ्या उपकरणांची दवंडी पुन्हा पिटायला लावतो. '/सिस'मध्ये प्रत्येक उपकरणाच्या फोल्डरात 'यूइव्हेंट' नावाची फाइल असते. तिच्यात 'ॲड' लिहिलं की कर्नल ती बातमी नव्याने सांगतो. हाताने करायचं तर "सुडो यूडेव्हएडीएम ट्रिगर डॅश डॅश ॲक्शन बरोबर ॲड".

एकाने दुसऱ्याला उठवायचं

साधा यूएसबी माउस लावला तरी ही हाक एकदा नाही, तीनदा जाते. हे कळायला मलाच दोन वर्षं लागली.

पहिली हाक यूएसबीच्या नावाने. यूएसबीएचआयडी येतो. तो उपकरणाचं वर्णन वाचून एचआयडी (माणसाने हाताळायची उपकरणं) बसवर एक नवं उपकरण उभं करतो. बस म्हणजे उपकरणं आणि ड्रायव्हर यांची गाठ घालून देणारी कर्नलमधली व्यवस्था. त्याची दवंडी वेगळी, 'एचआयडी' या शब्दाने सुरू होणारा मॉडअलायस वेगळा. ती ऐकून एचआयडी-जेनेरिक येतो, किंवा त्या कंपनीसाठी खास ड्रायव्हर असेल तर तो. मग तो इनपुट उपकरण उभं करतो आणि तिसरी दवंडी होते, 'इनपुट' या शब्दाने. त्या मॉडअलायसमध्ये उपकरणाच्या अंगी काय काय आहे त्याची सगळी यादी असते. माउसच्या ओळीत 'के११०, १११, ११२' दिसतं: डावं, उजवं, मधलं बटण. 'आर०, १, ८' म्हणजे आडवी हालचाल, उभी हालचाल, चाक. कीबोर्डची ओळ तर इतकी लांब असते की टर्मिनलमध्ये दोन-तीन ओळींत मावत नाही, कारण प्रत्येक कळ मोजलेली असते. ही ओळ ऐकून, उपकरणाच्या हालचाली वरच्या प्रोग्रामांपर्यंत पोचवणारे इव्हडेव्ह, माउसडेव्ह, जॉयडेव्ह यांपैकी ज्यांना रस आहे ते येतात.

जुन्या गोल पिनेच्या पीएस/२ कीबोर्डची वाट निराळी: आय८०४२ कंट्रोलर, त्यावर सेरिओ बस, मग एटीकेबीडी. लॅपटॉपच्या नव्या टचपॅडची आणखी निराळी: एसीपीआयच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या फर्मवेअरने दिलेल्या, यादीत 'पीएनपी०सी५०' असा क्रमांक, आयटूसी-एचआयडी, मग एचआयडी-मल्टिटच. शेवटचा टप्पा मात्र सगळ्यांचा एकच, इनपुट.

म्हणून "ड्रायव्हर लोड झालाय का?" हा प्रश्न अर्धवट आहे. साखळीतली कुठली कडी तुटली, हे विचारायचं. ते बघायला "यूडेव्हएडीएम मॉनिटर डॅश डॅश कर्नल डॅश डॅश यूडेव्ह डॅश डॅश प्रॉपर्टी" चालवा आणि उपकरण लावा. 'कर्नल' नावाची ओळ म्हणजे दवंडी पिटली, 'यूडेव्ह' नावाची ओळ म्हणजे ती ऐकून नियम चालवून झाले. यूएसबीची ओळ आहे पण एचआयडीची नाही? तर दुसऱ्या कडीआधीच गाडी थांबली.

(जाता जाता: "मराठी कीबोर्ड चालत नाही" म्हणून जे येतात, त्यांच्या तक्रारीशी यातल्या कशाचाच संबंध नसतो. कर्नलला इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी टायपिंगचा लेआउट, ठाऊक नाही. 'के' दाबलं की तो कळीचा क्रमांक वर पाठवतो. त्याचा 'क' करायचं काम वरच्या लेआउटचं. ते सेटिंग्जमध्ये जाऊन बदला, ड्रायव्हरच्या मागे लागू नका.)

लोड होणं वेगळं, जुळणं वेगळं

भाच्याला म्हटलं, "एलएसयूएसबी डॅश टी" कर. पॅडसमोर आलं: व्हेंडर स्पेसिफिक क्लास, ड्रायव्हर नाही. म्हणजे पहिलीच कडी. इंटरफेसचा मॉडअलायस वाचायला लावला. वर्ग एफएफ, उपवर्ग ५डी, प्रोटोकॉल ०१. मी ओळखलं. ही एक्सबॉक्स ३६० च्या पॅडची भाषा आहे. अशा पॅडचा ड्रायव्हर एक्सपॅड. मग "मॉडप्रोब डॅश कॅपिटल आर" आणि त्यापुढे तो मॉडअलायस. ही आज्ञा काही लोड करत नाही, फक्त सांगते की या ओळीला कोण हो म्हणतं. उत्तर आलं: मॉड्यूल सापडलं नाही.

आता "ग्रेप एक्सपॅड" करून, म्हणजे तो शब्द असलेल्या ओळी शोधून, मॉड्यूल्स.अलायस बघितली. एक्सपॅडच्या ओळींत वर्ग, उपवर्ग, प्रोटोकॉल अगदी हेच. पण कंपनीच्या क्रमांकाला मात्र तारांकन नाही. एफएफ हा वर्ग म्हणजे 'ज्याचं त्याचं खाजगी'. तिथे तारांकन टाकलं तर एक्सपॅड भलत्याच वस्तूंवर हक्क सांगत सुटेल. म्हणून एक्सपॅडच्या तक्त्यात एकेक कंपनी नावानिशी घातलेली आहे. भाच्याच्या पॅडची कंपनी त्यात नव्हती. नक्कल पॅड बनवणारे पुष्कळ जण या कटकटीतून सुटायला सरळ मायक्रोसॉफ्टचाच क्रमांक, ०४५ई आणि ०२८ई, आत भरून टाकतात. या बिचाऱ्याने प्रामाणिकपणे स्वतःचा क्रमांक घातला आणि अडकला.

"मग हाताने लोड करतो." सुडो मॉडप्रोब एक्सपॅड. झालं. एलएसमॉडमध्ये, म्हणजे लोड झालेल्या मॉड्यूलांच्या यादीत, एक्सपॅड दिसायला लागला. पॅड तसाच मेलेला.

इथे दहातले आठ जण हात टेकतात. मॉड्यूल मेमरीत आणणं आणि त्याने उपकरण पत्करणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. मध्यस्थाने स्थळ कळवलं म्हणजे लग्न ठरलं असं नसतं, कांदेपोहे व्हायचे असतात. मॉड्यूल आत आलं की आपला तक्ता यूएसबी बसला देतं. बस प्रत्येक उपकरण त्या तक्त्याशी ताडून बघते. जुळलं तरच ड्रायव्हरचं प्रोब नावाचं फंक्शन चालतं, आणि तेसुद्धा उपकरण तपासून नाही म्हणू शकतं. कुणी /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये स्वतःची अलायसची ओळ लिहून एक्सपॅड आपोआप लोड करवतात. लोड होतोही. पण तक्ता तोच राहिल्यामुळे पॅड काही पत्करत नाही.

याचं उलट उदाहरण तुमच्याच लॅपटॉपवर असेल. एलएसमॉड करा. जॉयस्टिक कधी शिवलाही नसाल, तरी बऱ्याच यंत्रांवर जॉयडेव्ह दिसतो. कारण टचपॅडला निरपेक्ष अक्ष, म्हणजे बोट नेमकं कुठे आहे ते सांगणारे अक्ष, असतात आणि जॉयडेव्हच्या ओळीला तेवढं पुरतं. आत आल्यावर तो नीट बघतो, हा तर टचपॅड, आणि नाही म्हणून बसून राहतो. काही बिघडलेलं नसतं. काढायच्या फंदात पडू नका.

तर मग तक्ता वाढवायचा कसा? यूएसबी ड्रायव्हरांना '/सिस'मध्ये एक खिडकी दिलेली असते: /सिस/बस/यूएसबी/ड्रायव्हर्स/एक्सपॅड/न्यू_आयडी. त्यात कंपनीचा क्रमांक, जागा सोडून वस्तूचा क्रमांक लिहिला की चालू कर्नलच्या तक्त्यात ती जोडी घातली जाते आणि आधीच लावलेलं उपकरणही लगेच ताडून बघितलं जातं. एक जुनी ठेच: "सुडो एको" करून बाणाने (>) फाइलीत ढकललंत तर परवानगी नाकारली जाते. बाणाचं काम तुमचा शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये आज्ञा वाचणारा प्रोग्राम, करतो, सुडो नाही. एकोचं उत्तर नळीतून (|) "सुडो टी" ला द्या; हा 'टी' तीन अक्षरी, टी-ई-ई.

भाच्याने दोन क्रमांक लिहिले, एंटर दाबलं, आणि फोनमधून आधी ओरडणं आणि मग ताईचा "अकरा वाजलेत" हा आवाज ऐकू आला. ओळखीत नसलेला पॅड समोर आला की एक्सपॅड त्याच्या इंटरफेसचा प्रोटोकॉल बघून तो कुठल्या पिढीचा ते ठरवतो. त्यामुळे बटणंही बरोबर जागी आली.

संगणक बंद केला की ही नोंद पुसली जाते. कायमची हवी तर यूडेव्हचा नियम. /ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी मध्ये एक फाइल, आत एकच ओळ. अटी चार: ॲक्शन 'ॲड', सबसिस्टम 'यूएसबी', आयडी-व्हेंडर हा, आयडी-प्रॉडक्ट तो. आणि कामं दोन, दोन्ही 'रन' ने: आधी मॉडप्रोब एक्सपॅड, मग शेलकरवी तेच न्यू_आयडीचं लिखाण. क्रम उलटा चालत नाही, कारण मॉड्यूल आल्याशिवाय ती खिडकीच नसते. आणि डोळ्यांत तेल घालून बघा: अटीला बरोबरचं चिन्ह दोनदा, 'रन' ला अधिक-बरोबर. अटीत एकच बरोबर टाकलंत तर ती अट राहत नाही, हुकूम होतो. मग "सुडो यूडेव्हएडीएम कंट्रोल डॅश डॅश रीलोड" आणि पॅड काढून परत लावा.

शेवटी खात्री. "कॅट /प्रॉक/बस/इनपुट/डिव्हाइसेस" मध्ये पॅडच्या नावाखाली 'हँडलर्स' ची ओळ असते. तिथे 'इव्हेंट' आणि एक आकडा, 'जेएस०', असं दिसलं की साखळी पुरी झाली. त्यानंतरही खेळ ऐकत नसेल तर तो दोष खेळाचा. "सुडो इव्हटेस्ट" चालवून बटणं दाबा आणि आकडे हलताना स्वतः बघा.

पासवर्डच्या पडद्यावर मेलेला कीबोर्ड

हा किस्सा माझा स्वतःचा, आणि यात मी रडकुंडीला आले होते. दुकानातल्या यंत्रावर आर्च लिनक्स, डिस्क एन्क्रिप्ट केलेली, कीबोर्ड जुना पीएस/२. एका पावसाळ्यात त्यावर चहा सांडला. यूएसबीचा नवा लावला. बायोसमध्ये चालतो. ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, यादीत बाण वरखाली होतात. डिस्कचा पासवर्ड विचारला की ठार. एक अक्षर उमटेना. पोर्ट बदलले, कीबोर्ड बदलला.

बायोस आणि ग्रबपर्यंत कीबोर्ड फर्मवेअर सांभाळतं. कर्नल सुरू झाला की ती सोय संपते. आणि त्या क्षणी तुमची डिस्क अजून कुलपात असते, म्हणजे /लिब/मॉड्यूल्ससुद्धा कुलपात. तेव्हा उपलब्ध असतात ती फक्त इनिटरामएफएसमध्ये, म्हणजे कर्नलसोबत मेमरीत येणाऱ्या छोट्या गाठोड्यात, भरलेली मॉड्यूलं. आर्चमध्ये ती शिदोरी एमकेइनिटसीपीआयओ बांधतो. त्याच्या हुक्सच्या ओळीत 'ऑटोडिटेक्ट' हा शब्द 'कीबोर्ड' या शब्दाआधी असेल, तर बांधताना जो कीबोर्ड लावलेला होता त्याचीच मॉड्यूलं जातात. माझी शिदोरी चहा सांडायच्या आधीची होती. त्यात यूएसबीएचआयडी नव्हताच, मग हाक कितीही मारा.

सुटका अशी: ग्रबमध्ये 'फॉलबॅक' नावाची नोंद असेल तर तिने चालू करा, त्यात ऑटोडिटेक्ट नसतो. आत गेल्यावर /ईटीसी/एमकेइनिटसीपीआयओ.कॉन्फ मध्ये 'कीबोर्ड' उचलून 'ऑटोडिटेक्ट'च्या आधी ठेवा आणि "सुडो एमकेइनिटसीपीआयओ डॅश कॅपिटल पी". डेबियन किंवा उबंटूवर शिदोरीत काय आहे ते "एलएसइनिटरामएफएस" ने बघता येतं. कमी पडलेली नावं /ईटीसी/इनिटरामएफएस-टूल्स/मॉड्यूल्स मध्ये एकेका ओळीवर लिहायची आणि "सुडो अपडेट-इनिटरामएफएस डॅश यू".

तेव्हापासून एक पीएस/२ कीबोर्ड मी माळ्यावर कायम ठेवते.

बाकी किरकोळ

काल चालत होतं, आज अपडेटनंतर नवा माउस लावला तर हूं नाही की चूं नाही, पण आधी लावलेला कीबोर्ड ठीक: "यूनेम डॅश आर" करून चालू कर्नलची आवृत्ती बघा आणि त्याच नावाचं फोल्डर /लिब/मॉड्यूल्समध्ये आहे का पाहा. आर्चसारख्या ठिकाणी अपडेट जुन्या कर्नलचं फोल्डर काढून टाकतो, चालू कर्नल मात्र जुनाच असतो. जे मेमरीत होतं ते चालतं, नवं काही आणता येत नाही. रीबूट करा.

बाहेरून आणलेलं मॉड्यूल "की वॉज रिजेक्टेड" म्हणत असेल तर सिक्युअर बूट (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअरच चालू देणारी सोय) चालू आहे आणि मॉड्यूलवर सही नाही.

एखादं मॉड्यूल यायलाच नको असेल, तर ब्लॅकलिस्ट. पण त्या शब्दाचा अर्थ लोक समजतात तेवढा कडक नाही. मॉडप्रोब.डी मधल्या फाइलीत 'ब्लॅकलिस्ट' लिहिलं की त्या मॉड्यूलच्या अलायस ओळी दुर्लक्षिल्या जातात, बस. कुणी नावाने बोलावलं किंवा दुसऱ्या मॉड्यूलला ते लागलं, तर ते येतंच. दार खरंच बंद करायचं तर 'इन्स्टॉल', मॉड्यूलचं नाव आणि '/बिन/फॉल्स' अशी ओळ. मी हे सगळ्यात जास्त वेळा पीसीस्पीकरसाठी (मॉड्यूलचं नाव पीसीएसपीकेआर) करते, टर्मिनलमध्ये पिक्-पिक् करणारा तो. आणि हो, तोही कर्नलच्या लेखी इनपुट ड्रायव्हरच आहे. आवाज काढणारी वस्तू इनपुटमध्ये कशी, असं मला विचारू नका. जुन्या कीबोर्डांच्या घंटीशेजारी त्याची सोय लावून दिली गेली.

यूइनपुटचा प्रकार मजेशीर आहे. तो नकली कीबोर्ड-माउस बनवण्यासाठी. त्यामागे खरं उपकरण नाही, म्हणून दवंडी नाही, मॉडअलायस नाही. तरी तो आपोआप येतो. /डेव्ह/यूइनपुट ही फाइल मॉड्यूल नसतानाच बनवून ठेवलेली असते, कारण 'मॉड्यूल्स.डेव्हनेम' मध्ये तिचा क्रमांक, १० आणि २२३, नोंदलेला आहे. कुणी ती फाइल उघडली की कर्नल मॉड्यूल मागवतो. त्यामुळे एलएसमॉडमध्ये यूइनपुट दिसत नाही म्हणून घाबरू नका. आधी वापरून बघा.

आणि स्वतः ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना एकच. हाताने मॉडप्रोब केलं की सगळं चालतं, आपोआप मात्र कधी येत नाही, असं झालं तर तक्त्याखाली 'मॉड्यूल_डिव्हाइस_टेबल' ही ओळ लिहायची राहिली असणार. ती नसेल तर ताडून बघायला तक्ता आहे, पण मॉड्यूल्स.अलायसमध्ये जायला काही नाही. घातल्यावर "मॉडइन्फो" करून अलायसच्या ओळी दिसतात ना ते पाहा, आणि मॉड्यूल हाताने कॉपी केलं असेल तर "डेपमॉड डॅश ए".

गणपतीला भाचा साताऱ्याला आला तेव्हा लॅपटॉप आणि पॅड दोन्ही घेऊन आला होता. त्याच्याकडे नवा कर्नल आला होता. त्याला परत ग्रेप करायला लावलं. या वेळी एक्सपॅडच्या ओळींत त्याच्या कंपनीचा क्रमांक होता. म्हटलं, आता ती नियमाची फाइल काढून टाक. त्याने फाइल काढली नाही, नुसतं नाव बदलून शेवटी 'जुनी' जोडलं. यूडेव्ह फक्त '.रूल्स' ने संपणाऱ्या फाइली वाचतो, त्यामुळे तेही चाललं.